खंडेनवमीचा ठिपका आणि फुलचंदशेठचं इंजिन

धरणगाव,
आश्विन वद्य पंचमी

फैजपूरमुक्कामी केळीच्या बागेचे धनी आणि आमचे वडीलधारे साडू जीवरामभाऊ यांना धरणगावच्या अभिमन मिस्त्रीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे जेवढं वाकता येतं तेवढं. दहा दिवस इंजिनाखाली उताणं पडून कंबर अशी धरली आहे की काल पोस्टात माझ्या हातून तिकीट खाली पडलं, ते शेवटी पोस्टमास्तरांना उठून उचलून द्यावं लागलं.) इकडे सर्व ठीक आहे असं पत्रात लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

आधी तुमच्या डोळ्याचं. जळगावच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू डाव्या डोळ्याचा काढला आणि पट्टी दोन्ही डोळ्यांना बांधली, हे काम मला फार पसंत पडलं. एक डोळा फिरला की जोडीचाही फिरतो, तेव्हा दोन्ही बंद ठेवणं हेच बरोबर. पट्टी अजून आहे ना? घट्ट आहे ना? खालच्या बाजूने फट राहून उजेड येत नाही ना? डॉक्टर लोकांना पट्टी सोडायची घाई असते, कारण त्यांना दुसऱ्याची बांधायची असते. तुम्ही घाई करू नका. दिवाळीपर्यंत राहू द्या. आणि हे पत्र वाचून घ्यायला आमच्या अक्कांना, म्हणजे तुमच्या मंडळींना, त्रास देऊ नका. त्यांना अक्षराचा नाद नाही हे मी जाणतो. चिरंजीव तर शिरपूरला होस्टेलात. तेव्हा पोस्टमनलाच ओट्यावर बसवा, चहा पाजा आणि त्याच्याकडून वाचून घ्या. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नका. (दुसऱ्या कोणाच्या म्हणजे कोणाच्या, ते तुम्हाला उलगडून सांगायला नको.)

आमची मंडळी दसऱ्याच्या संध्याकाळपासून तुमच्याकडे आहे. गल्लीत मी सांगितलं आहे की साडूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, बहिणीला मदत म्हणून सुंदरबाई फैजपूरला गेली. गल्लीने मान हलवली. पण समोरच्या झमकूबाई रोज सकाळी माझ्या दारातली न काढलेली रांगोळी बघतात आणि विचारतात, की मिस्त्री, एका माणसाला डोळे तरी किती असतात? जाताना सुंदरबाई मला एक अक्षर बोलली नाही. पितळी डबा फडताळात ठेवला, तो नेहमीपेक्षा जरा जोरात. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. त्या एका आवाजावरून मला कळलं की ही दिवाळीलाही यायची नाही. आता दिवाळी आठ दिवसांवर आली आणि डब्याचा तो आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही. पण तिला परत पाठवा असं म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तिची मर्जी. फैजपूरची हवा चांगली आहे, केळी आहेत, बहीण आहे. इंजिनाची खरी हकीगत तुमच्या कानावर यावी, कारण दुसऱ्या बाजूची हकीगत एव्हाना आली असणार, एवढ्याच हेतूने कागद पुढे ओढला आहे.

भाऊ, मी शिकलो चौथी. (सुंदरबाई सातवी पास. हे ती कधी बोलून दाखवत नाही, आणि न बोलण्यातही एक प्रकार असतो.) धरणाच्या कामावर मी इंजिनं पुसायला लागलो तेव्हा माझ्याकडे एक फडकं आणि दोन कान होते. हाताखाली घेणारा पंजाबी ऑपरेटर होता. त्याने मला वाचायला काही दिलं नाही, पहार दिली. पहारीचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानाला. मग आतलं बोलणं ऐकू येतं. कोणता पिस्टन खोकतोय, कोणत्या बेअरिंगला तेल मिळत नाही, सगळं. त्या पहारीवर मी घर बांधलं, शेड टाकली, लग्न केलं. आज रस्त्यावरून ट्रक गेला तर मी जेवता जेवता त्याचा आजार सांगतो. गावात कोणाचं भांडण झालं आणि साक्षीदार नसला तर लोक म्हणतात, अभिमन मिस्त्रीला विचारा, त्याला ऐकू आलं असेल. आणि मी ऐकू आलं म्हटलं की आलं, नाही म्हटलं की नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर फुलचंदशेठच्या कापसाच्या जिनमध्ये जे मोठं इंजिन आहे ते धरणाच्या कामावरचं, लिलावात घेतलेलं. एके काळी ते बुलडोझरमध्ये बसून डोंगर ढकलत होतं, आता सिमेंटच्या चौथऱ्यावर बसून कापसातली सरकी काढायचे रेचे फिरवतं. चार सिलिंडरचं, रेड्यासारखं. भाद्रपदात शेठने सफाईला म्हणून मला बोलावलं. मी पहार लावली आणि दोन मिनिटांत म्हणालो, शेठ, वरचं सगळं ठीक आहे, खाली कोणीतरी दात खातंय. उघडलं तर बॅलन्सरच्या एका गिअरचे दात खाल्लेले.

बॅलन्सर म्हणजे काय ते तुम्हाला सांगतो, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. चार पिस्टन वरखाली नाचतात तेव्हा आख्खं इंजिन त्यांच्याबरोबर उड्या मारायला बघतं. ते मारू नये म्हणून खाली तेलाच्या चेंबरात दोन जड वजनं फिरत ठेवलेली असतात. एक उजवीकडून फिरतं, दुसरं डावीकडून. दोघांचं तोंड उलट, पण वेळ एक. दोघं एकाच क्षणी खाली आली की वरची उडी जिरते आणि इंजिन जागच्या जागी बसतं. त्यांना फिरवणारी दातेरी चाकं ती बॅलन्सर गिअर. कंपनी प्रत्येक चाकावर बारीक ठिपका ठोकून देते. बसवताना ठिपक्यासमोर ठिपका आला पाहिजे. दोन-चार दात इकडे तिकडे झाले की वजनं उडी जिरवायच्या ऐवजी तिला साथ देतात, आणि मग मुळात वजनं नसती तर बरं झालं असतं अशी पाळी येते. (सुंदरबाईला मी हे लग्नाच्या पहिल्या वर्षी समजावून सांगितलं होतं. तिने सगळं ऐकून विचारलं, मग आपल्यात ठिपका कोणी ठोकलाय? तेव्हा मी हसलो होतो.)

खाल्लेलं चाक घेऊन मी धुळ्याला गेलो. आग्रा रोडवर एक कारागीर आहे, चाकाला हुबेहूब भाऊ कापून देतो. नवं आणि जुनं अशी दोन्ही चाकं फडक्यात बांधून एस.टी.त मांडीवर घेऊन बसलो. शेजारी शिंदखेड्याच्या एक म्हातारबाई होत्या. त्यांना वाटलं देव आहे. अमळनेरपर्यंत त्यांनी तीन वेळा गाठोड्याला हात लावून कपाळाला लावला, आणि मी काही बोललो नाही, कारण त्यांच्या हाताला तेल लागत होतं आणि त्याने त्यांची श्रद्धा वाढत होती. घरी पोचलो तो खंडेनवमीचा सकाळचा दहाचा सुमार.

आणि इथे खरं संकट सुरू झालं. नव्या चाकावर ठिपका नव्हता. कारागीर दात कापून देतो, ठिपका मिस्त्रीने ठोकायचा. काम दोन मिनिटांचं. जुनं चाक नव्यावर ठेवायचं, चावीची खाच खाचेवर आणायची आणि जुन्याचा ठिपका जिथे असेल तिथे नव्यावर पंच लावून एक हातोडी मारायची. पण नवमी असल्यामुळे पंच, हातोडी, पाने, कानस, सगळी मंडळी सकाळीच न्हाऊन-माखून पाटावर बसली होती. त्यांच्यापुढे निरांजन होतं. मी हात पुढे केला तर सुंदरबाई म्हणाली, पूजेतलं हत्यार आज उचलायचं नाही, उद्या. वर्षभर ती तुमच्यासाठी मार खातात, एक दिवस त्यांना बसू द्या. आता हे बरोबरच आहे. आमच्या धंद्यात नवमीला कोणी पाना उचलत नाही, मीही कधी उचललेला नाही. म्हणून मी काय केलं, पूजेच्या ताटातला शेंदूर तेलात कालवला आणि बोटाने नव्या चाकाच्या त्या दातावर ठिपका दिला. म्हटलं, उद्या बसवताना उपयोगी पडेल. जुन्या चाकाचं काम संपलं. तेवढ्यात जिनचा वॉचमन चिंधा प्रसादाला आला होता, त्याने ते मागितलं. जिनच्या फाटकापाशी तास वाजवायला त्याला काही तरी हवंच होतं. मी देऊन टाकलं. त्याने ते तारेने लिंबाला टांगलं आणि तेव्हापासून सारं धरणगाव त्याच्या ठोक्यावर उठतं-बसतं.

मग पूजा झाली. सुंदरबाईने सगळ्या हत्यारांना हळद-कुंकू वाहिलं आणि ओळीत मांडलेल्या गिअरांनाही वाहिलं. त्या वेळी मी दाराशी खुर्चीवर बसलो होतो आणि रस्त्याने एरंडोलकडचा एक ट्रक चालला होता. त्याच्या दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह वाजत होता. माझं लक्ष तिकडे. आता सुंदरबाईचं म्हणणं असं, की तिने तेव्हा मला सांगितलं, अहो, तुमचा शेंदराचा ठिपका फिसकटतोय, मी त्याच्यावर कुंकू लावून ठळक करते, बाकी दातांना नुसती हळद. माझं म्हणणं असं, की मला काही ऐकू आलं नाही. यापलीकडे या मुद्द्यावर मला काही लिहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पूजा हलवून मी गिअर घेऊन जिनमध्ये गेलो. मनात हिशेब सरळ होता. कुंकू म्हणजे तिचं, शेंदूर म्हणजे माझा. चाकावर बघतो तर एका दातावर लालभडक कुंकू आणि त्याच्यापासून चार दात सोडून एक छान शेंदरी डाग. (हळदीच्या बोटाला कुंकू लागलं की काय रंग होतो, हे मला नंतर कळलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण ताट नेहमी तिच्या हातात असतं.) मी शेंदरी डाग ठिपक्यासमोर आणला, बोल्ट आवळले, चेंबर चढवलं, तेल ओतलं. आणि समाधानाने विडी पेटवली.

मुहूर्त दुपारचा. नव्या कापसाची पहिली गाडी हार घालून उभी. शेठ, त्यांचे व्याही, अडते, हमाल मिळून तीसेक माणसं. आरतीचं ताट घेऊन सुंदरबाईही आली होती. आता एक चूक कबूल करतो. नवरात्रात मी चार लोकांत बोलून बसलो होतो, की बॅलन्सर बसल्यावर या इंजिनावर काठोकाठ पाण्याचा पेला ठेवा, थेंब सांडला तर मला मिस्त्री म्हणू नका. शेठ हे विसरले असते, पण चिंधा विसरला नव्हता. त्याने पेला घासूनपुसून आणला होता. इंजिनावर ठेवला. नारळ फोडला. मी हँडल मारलं.

भाऊ, पेला सांडला असता तर मी काही तरी सांगून निभावून नेलं असतं. पण तो सांडला नाही, तो चालायला लागला. टुकटुक करत इंजिनाच्या डोक्यावरून निघाला, कडेशी आला, तिथे क्षणभर थांबला (हे मला फार लागलं) आणि शेठच्या व्याह्यांच्या पांढऱ्या धोतरावर उतरला. मग चौथरा हलला. मग भिंत. कौलांवरून एक कौल निघालं ते पेढ्यांच्या परातीत पडलं. कबुतरं जी उडाली ती अजून परत आलेली नाहीत. चिंधा ओरडला, ‘मिस्तरी, बठ्ठं जिन चालनं! हाई इंजिन नही, भूत शे!’ शेठ डोळे मिटून भगवानचं नाव घेत होते आणि मधे मधे माझं.

मी इंजिन बंद केलं. तीस माणसं माझ्याकडे बघत होती. अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघतं ते निघालं. मी सुंदरबाईकडे हात करून म्हणालो, हिने गिअरांना हळद-कुंकू फासून माझी खूण घालवली. ती शांतपणे म्हणाली, ‘मी सांगितलं होतं.’ मी म्हणालो, ‘मला काही ऐकू आलं नाही.’ बस्स, एवढंच. मी तिला दुसरं वाकडं बोललो असेन तर शपथ. पण झालं काय, की हमालांत कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, अभिमन मिस्त्रीला ऐकू आलं नाही म्हणजे बाई बोललीच नसणार. आणि सगळ्यांनी मान डोलावली. (दबक्या आवाजातलं ते मला कसं ऐकू आलं, हे विचारू नका.) सुंदरबाईने ताट चौथऱ्यावर ठेवलं, निरांजन सरळ केलं आणि निघून गेली. संध्याकाळी मी आपट्याची पानं खिशात घेऊन घरी आलो तर ती डबा ठेवत होती. त्या डब्याचं वर लिहिलंच आहे.

तेव्हापासूनचे दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगतो. वजनं साधारण खाली यायला हवीत एवढं डोळ्यांना कळतं, पण त्यात आठ-नऊ दातांचा घोळ राहतो. त्यातला खरा दात कुठला, हे बसवून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि बसवून बघणं म्हणजे तेल काढा, चेंबर उतरवा, चाक फिरवा, चेंबर चढवा, तेल ओता. दिवसाला एक दात. कुंकवाचा दात धरून बघावा, तर ते चाक मीच पहिल्या संध्याकाळी रागाच्या भरात रॉकेलने लखलखीत धुऊन काढलं होतं. दरवेळी शेठ पेला ठेवतात. दरवेळी पेला चालतो, फक्त दिशा बदलतो. मंगळवारी तो गोल फिरला. शेठ जुन्या एक सिलिंडरच्या इंजिनावर निम्मे रेचे चालवतात आणि माझ्याकडे बघून उसासा टाकतात. एका सिलिंडरचा उसासा आणि शेठचा उसासा यांत फरक काढायला माझ्यासारखा कान लागतो. त्यात तो चिंधा. मी इंजिनाखाली उताणा, तोंडावर तेल टपकतंय, दात मोजतोय, सव्वीस, सत्तावीस, आणि हा ठण्ण करून तासाचे ठोके देतो. पुन्हा एकपासून मोजा. घरी यावं तर स्वयंपाक मलाच. खिचडी करतो. करपते ती कुठे करपतेय हेही मला आवाजावरून कळतं, पण तोवर उशीर झालेला असतो. घरात दुसरा आवाजच नाही. बांगड्यांचा नाही, पाटा-वरवंट्याचा नाही, बोललेलं नाही आणि न बोललेलंही नाही. ज्याचे कान कामाला आहेत अशा माणसाला रिकामं घर फार मोठ्याने ऐकू येतं.

असो. इंजिनाची हकीगत ही अशी आहे. माझा दोष एवढाच की मी पेल्याचं बोललो. अक्कांना नमस्कार. तुमच्या बागेला आणि डोळ्याला दोन्हीला पाणी जपून लावा. लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर चौथीच्या मास्तरांना बोल लावावा.

तुमचा धाकटा साडू,
अभिमन मिस्त्री

ता. क. – एक किरकोळ काम होतं, ते लिहायचं राहिलं. माझा शेंदराचा ठिपका नेमका कोणत्या दातावर होता, हे जगात एकाच माणसाला माहीत आहे. जिने त्याच्यावर कुंकू लावलं तिला. तरी तिला सहज म्हणून विचारावं. माझं नाव घेऊ नये. पण दात पत्रातून सांगता येत नाही, तो बोटानेच दाखवावा लागतो. तेव्हा फक्त बोट पाठवता येत नसेल तर तिलाच एस.टी.त बसवून द्यावं. सकाळच्या गाडीने निघून जळगावला बदलली की दुपारपर्यंत धरणगाव. इंजिनासाठी. बाकी काही नाही.

ता. क. दुसरा – भाऊ, तुमच्याशी खोटं कशाला. इंजिन चार दिवसांपूर्वीच लागलं. वद्य प्रतिपदेला मी खाली पडून दात मोजत असताना चिंधाने अकराचे ठोके द्यायला सुरुवात केली. सातव्या ठोक्याला माझ्या डोक्यात उजेड पडला. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. हे चाक मी धुळ्याहून मांडीवर आणलेलं. कंपनीने ठोकलेला ठिपका असलेलं जुनं चाक सहा दिवस माझ्या डोक्यावर लिंबाला लटकून ठणठण करत मला हाका मारत होतं, आणि मी त्याला शिव्या देत होतो. तसाच धावलो, तारेसकट उतरवलं (चिंधा चार ठोके देणं लागतो, धरणगाव त्या दिवशी सातलाच जेवायला बसलं), खाचेवर खाच ठेवली आणि या खेपेला पंच घेऊन ठोकून ठिपका मारला. नवमीला मी शेंदराचं बोट टेकवलं होतं तो दात हाच. म्हणजे कुंकवाचा. पेला ठेवला. इंजिन चालू केलं. पाण्यावर माशीच्या पंखाएवढी लाट नाही. पेल्यात कौलांचं भगदाड स्वच्छ दिसत होतं. तर इंजिन लागलं आहे, हे तिला मात्र कळू देऊ नका. नाही तर ती येण्याचं कारण उरणार नाही.

ता. क. तिसरा – तीर्थरूप जीवरामभाऊंच्या डोळ्यांना पट्टी आहे. अक्कांना वाचता येत नाही. चिरंजीव शिरपूरला. आणि फैजपूरचा पोस्टमन पत्र दारातून फेकून सायकलवरून उतरतसुद्धा नाही, हे मी मागच्या खेपेला स्वतः पाहिलं आहे. तेव्हा पहिल्या ओळीपासून हे पत्र मोठ्याने कोण वाचून दाखवतंय, ते मला पक्कं ठाऊक आहे. बाकीचं हळू वाच.

तू सांगितलं होतंस. मला ऐकू आलं होतं. ट्रकही ऐकू आला आणि तूही. दोन आवाज वेगळे काढता येत नसते तर मी मिस्त्री कसला झालो असतो? मी खुर्चीवरून हूं म्हणालो होतो. तुला तो हूं ऐकू आला होता, म्हणून तू पुढे काही बोलली नाहीस. आणि तीस माणसांत तो माझ्या कामी आला नसता म्हणून मी तो गिळला. माझ्या कानांचं गावात नाव आहे, त्या नावाने तू खोटी ठरलीस. हे मला त्याच क्षणी ऐकू आलं होतं.

पेला स्थिर राहिल्यावर परवा शेठने त्याच सगळ्यांना पुन्हा बोलावलं होतं. तीसपैकी सत्तावीस आले. दोघं जळगावला होते, आणि व्याही धोतर सांभाळून लांबच राहिले. सगळे माझ्या कानांची तारीफ करायला लागले, तेव्हा मी चौथऱ्यावर उभं राहून सांगितलं, की खूण तिने जपली होती, घालवली मी, आणि मला तिने सांगितलं होतं. मग चिंधा म्हणाला, ‘म्हन्जे मिस्तरी, तुम्हले ऐकू उनं व्हतं?’ मी हो म्हणालो. तर म्हणतो, ‘मंग इंजिन चांगलं व्हतं, बिघाड तुम्हनामाच व्हता.’ सत्तावीस माणसं हसली. झमकूबाईंना ते रस्त्यापलीकडे ऐकू गेलं. आता त्या रांगोळीचं विचारत नाहीत, नुसत्या हसतात. उरलेल्या तिघांना मी एकेक गाठून सांगेन, यादी केली आहे.

पाकिटात आपट्याची दोन पानं आहेत. वाळली आहेत, उघडताना चुरा होईल, जपून काढ. दसऱ्याला द्यायची राहिली. सोमवारी दुपारी मी एस.टी. स्टँडवर उभा राहीन. गाडी वळणावर आली की तिच्या आवाजावरून मला कळेल की भरलेली आहे की रिकामी. तू आत आहेस की नाही एवढं मात्र आवाजावरून कळत नाही, म्हणून उभं राहावं लागेल.

ता. क. शेवटचा – जीवरामभाऊ, डॉक्टरांनी घाई करून पट्टी सोडली असेल आणि हे पत्र तुम्ही स्वतः वाचत असाल, तर डोळ्याबद्दल अभिनंदन. आता पुन्हा मिटा, आणि पत्र तिच्या हातात द्या.